दूध बंद आणि डाळीला नकार: दोन वर्षांच्या मुलाचं प्रोटीन पुन्हा पुन्हा कुठं अडतं?

माझी लेक सव्वादोन वर्षांची आहे. गाईच्या दुधातल्या प्रोटीनची तिला ॲलर्जी आहे, हे ती नऊ महिन्यांची असताना कळलं. तेव्हापासून तिच्यासाठी दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा सगळं बंद. वर्षाची होईपर्यंत फारसं जड गेलं नाही. त्यानंतर मात्र दर पंधरा-वीस दिवसांनी एकच गोष्ट घडायला लागली. काल वाटी चाटूनपुसून खाल्लेलं वरण आज समोर आलं की मान फिरवायची. मग उसळ सुटायची, मग धिरडं सुटायचं, आणि दोन दिवसांत ताटात उरायचे भात, केळं आणि चुरमुरे.

अशा वेळी मी नवा पदार्थ शोधायला धावायचे. तो चार दिवस चालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाचव्या-सहाव्या खेपेला मी वही घातली. ती काय खाते, कधी खाते, शी कशी होते, अंगावर काही उठलंय का, झोप कशी लागते, सगळं लिहायला लागले. दोन महिन्यांत दिसलं की प्रत्येक वेळच्या नकाराला वेगळं कारण होतं, आणि एकदाही ते कारण ‘पदार्थाचा कंटाळा’ हे नव्हतं. म्हणून नवा पदार्थ शोधण्याआधी जुना का सुटला ते शोधा, असं मी आता प्रत्येक आईला सांगते. मी ज्या क्रमानं तपासते तोच क्रम इथं ठेवला आहे.

सगळ्यात आधी: नक्की काय चालत नाही?

आपल्याकडं ‘दूध पचत नाही’ या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारं एन्झाइम कमी पडलं की पोट फुगतं, जुलाब होतात. लहान मुलांत हे बहुतेकदा मोठ्या जुलाबानंतर काही आठवडे राहतं आणि आतडं बरं झालं की जातं. अशा मुलाला दही बऱ्याचदा सोसतं. ॲलर्जी म्हणजे दुधातल्या केसीन आणि व्हे या प्रोटीनवर शरीराची प्रतिकारशक्ती उलटते. अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या, शीमध्ये रक्त, न जाणारा एक्झिमा म्हणजे खाजरं इसब यांपैकी काहीही होऊ शकतं. तिथं दहीसुद्धा चालत नाही आणि ‘थोडंसंच दिलं’ हेही चालत नाही.

घरोघरी मिळणारा पुढचा सल्ला असतो, ‘मग शेळीचं द्या, हलकं असतं.’ आम्हालाही तीन-चार जणांनी सांगितलं. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रोटीनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहापैकी नऊ मुलांना शेळीचंही सोसत नाही. म्हशीचीही तीच गत. हे घरी करून बघायचं काम नाही. निदान डॉक्टरांकडून लेखी घ्या, कारण पुढं सासर-माहेर, पाळणाघर, शाळा अशा सगळ्यांना तो कागद दाखवावा लागतो.

तूट खरंच आहे का?

हा हिशेब मी फार उशिरा केला आणि त्यापायी कित्येक रात्री काळजीत घालवल्या. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १२ ते १३ ग्रॅम प्रोटीन लागतं. मोठ्या माणसाला पन्नास-साठ ग्रॅम लागतं म्हणून मुलालाही वाटी-वाटीभर लागत असेल, असं आपल्या मनात बसलेलं असतं.

आता आपल्या सोलापूरच्या साध्या स्वयंपाकघरात हे १२ ग्रॅम कसे भरतात बघा. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे मोठा चमचाभर कूट, साधारण १० ग्रॅम, पोटात गेला की अडीच ग्रॅम झाले. अर्धी वाटी घट्ट वरणात साधारण १५ ग्रॅम कोरडी डाळ असते, त्याचे तीन ग्रॅमच्या वर. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅमला १० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या भाकरीचे तीन. मटकीची उसळ अर्धी वाटी, आणखी सव्वातीन-साडेतीन. झाले की बारा! अंडं चालत असेल तर एका अंड्याचे सहा ग्रॅम वेगळेच. आणि हे सगळं एका जेवणात नव्हे, दिवसभरात.

यातली एक मेख मात्र लक्षात घ्या. वरण घट्टच हवं. आपल्याकडं लहान मुलांना वरचं ‘वरणाचं पाणी’ देण्याची पद्धत आहे आणि त्यानं बाळ धष्टपुष्ट होतं असा समज आहे. डाळीचं प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत राहतं. वरच्या पाण्यात चव आणि मीठ असतं, बाकी फार काही नाही. माझ्या वहीत एक आठवडा असा सापडला की लेक रोज दोन वाट्या ‘वरण’ खात होती आणि ते सगळं पाणीच होतं. पोट भरलेलं, प्रोटीन नाही. त्या आठवड्यात ती रात्री दोनदा उठून रडायची.

एका दिवसावरून काही ठरवू नका. तीन दिवसांची बेरीज करा आणि तीनानं भागा. या वयात मुलं एक दिवस चिमणीएवढं खातात आणि दुसऱ्या दिवशी बापाच्या ताटातलं ओढतात. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोनं वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. यातला बराचसा नकार म्हणजे भूक तेवढीच असते, इतकंच.

लपलेलं दूध

बेरीज खरंच कमी आली, आणि त्याबरोबर गालावर लाल चट्टे, चिडचिड किंवा पातळ शी असेल, तर मी आधी स्वयंपाकाकडं बघत नाही. कुठून तरी दूध पोटात जातंय का ते बघते. पोट दुखत असलेलं मूल जेवत नाही, आणि ते आपल्याला ‘नखरे’ वाटतात.

गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे हेच चाललं होतं. घरात दुधाचा थेंब नव्हता. शेवटी सापडलं ते सकाळच्या टोस्टमध्ये. बेकरीत विचारलं होतं तेव्हा ‘दूध नाही’ असं उत्तर मिळालं होतं, पण पिठात दूध पावडर होती. माझा प्रश्नच चुकला होता. ‘दूध आहे का’ असं विचारलं की माणूस पातेल्यातलं दूध डोळ्यांसमोर आणतो. तेव्हापासून मी असं विचारते: पिठात दूध पावडर घालता का? वरून लोणी किंवा तूप लावता का? त्याच ट्रेमध्ये खारी किंवा नानकटाई भाजता का?

पाकिटातल्या पदार्थांचं काम सोपं आहे. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर दूध, शेंगदाणा, सोया, अंडं यांसारखे ॲलर्जीचे घटक वेगळे लिहावे लागतात. घटकांच्या यादीखाली ‘कन्टेन्स’ असा शब्द शोधा. यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, केसिनेट, बटर यांपैकी काहीही दिसलं तर ते दूधच. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोटीन पावडरींचं लेबल तर दोनदा वाचा. त्यातल्या कितीतरी दुधाच्याच पावडरीपासून बनलेल्या असतात आणि साखर भरपूर असते.

आपल्या घरच्या पदार्थांतही ते असतं, आणि तिथं लेबल नसतं. धपाट्याचं पीठ दह्यात किंवा ताकात मळलेलं असतं. आंबील ताकाची असते. शेंगाचटणीत दही कालवलं जातं आणि मग तोच चमचा बरणीत जातो. पुरणपोळीवर तूप, शिऱ्यात तूप. तुपात प्रोटीन अगदी थोडं उरतं, पण आमच्या डॉक्टरांनी तेही बंद ठेवायला सांगितलं, म्हणून आम्ही भाताला शेंगतेल घालतो. करडईचंही चालतं. दूध बंद झाल्यानं मुलाच्या पोटातली स्निग्धताही कमी होते, तेव्हा तेलाला हात आखडू नका.

सासूबाईंची माझी एकदा यावरून बोलाचाली झाली. देवळातल्या पेढ्याचा कण तिच्या जिभेवर ठेवला होता. “अगं, प्रसाद आहे, एवढ्याशानं काय होतंय?” त्यांचा जीव आहे तिच्यावर, हे मला ठाऊक आहे. त्या रात्री तिच्या पाठीवर उठलेल्या गांधी त्यांनी स्वतः पाहिल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रसादाला खडीसाखर आणि शेंगदाण्याचा कूट घरूनच नेण्याची पद्धत त्यांनीच सुरू केली. आता तर पाहुण्यांच्या हातातला पेढा त्याच अडवतात.

जेवणाआधीच भरलेलं पोट

ही तपासणी दोन मिनिटांची आहे. जेवणाआधीच्या दीड-दोन तासांत काय गेलं? चुरमुऱ्याची वाटी, दोन बिस्किटं, केळं, पेलाभर रस. अकरा किलोच्या पोराला एवढं पुरे होतं. आमच्याकडं साडेअकराला आजोबांबरोबर चुरमुरे व्हायचे आणि बाराला मी वरणभात घेऊन मागं धावायचे. चुरमुरे चारला सरकवले आणि त्यात डाळव्याचं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मिसळलं. तेवढ्यानं दुपारचं जेवण पुन्हा सुरू झालं.

दाढा, तोंड आणि पोट साफ नसणं

दोन वर्षांच्या आसपास मागच्या दाढा यायला लागतात, अडीचपर्यंत हे चालतं. हिरड्या सुजलेल्या असताना मटकीचं टरफल बोचतं, भाकरीचा पापुद्रा लागतो. डिसेंबरात लेकीनं उसळ आणि भाकरी एकाच दिवशी सोडली, मऊ भात मात्र खायची. मला वाटलं, आता डाळीवर राग आला. बोट घालून पाहिलं तर मागं पांढरं टोक होतं. दहा दिवस सगळं वाटून, कुस्करून दिलं आणि दाढ वर आल्यावर उसळ आपोआप परत आली.

बद्धकोष्ठतेचंही तसंच. केळं, भात आणि बिस्किटावर दोन-तीन दिवस गेले की शी घट्ट होते, मग भूक मरते, मग मूल पुन्हा केळं-भातच मागतं. हे चक्र पाणी, पपई, पेरू, पालेभाजी यांनी आधी तोडावं लागतं. प्रोटीनचा विचार त्यानंतर.

मग ताटात काय?

एवढं सगळं बघून झालं, मूल ठणठणीत आहे, भूक आहे आणि तरी डाळ नको म्हणतं, तर बहुतेक वेळा अडचण रूपाची असते. माझ्या लेकीला ओलं आणि गिळगिळीत नको असतं. हातात धरता येईल असं काही दिलं की तीच डाळ ती खाते. काही मुलांचं बरोबर उलटं असतं. आपलं मूल कुठलं, हे आठवडाभर पाहिलं की कळतं: ते काय थुंकतं त्यापेक्षा ते आपण होऊन काय उचलतं ते बघा.

शेंगांपासून सुरुवात करते, कारण सोलापूरच्या घरात बाकी काही नसलं तरी शेंगदाणे असतातच. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा चार-पाच वर्षांखालच्या मुलाला कधीही देऊ नका. तो श्वासनलिकेत अडकतो. कूटच द्यायचा. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, टरफलं पाखडून, काळे, सुरकुतलेले आणि कडवट दाणे वेचून टाकायचे. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते भाजून जात नाही, त्यामुळं या निवडण्यात कंटाळा करू नका. मग उखळात जिरं आणि चिमूटभर मीठ घालून कुटायचं, तेल सुटून गोळा होईपर्यंत. मिक्सरमध्ये होतं, पण उखळातली चव येत नाही आणि मुलांनाही ते कळतं, असा माझा अनुभव आहे. ही झाली लेकीची बिनतिखटाची शेंगाचटणी. भाकरी तव्यावरून उतरली की मऊ असतानाच त्यात हा गोळा पसरायचा, सुरळी करायची आणि हातात द्यायची. थोडा गूळ मिसळला तर संक्रांतीच्या शेंगापोळीची आठवण येते, पण गूळ रोज नको. शेंगदाणा घरात पहिल्यांदाच देत असाल तर अगदी बोटाच्या टोकाएवढा, दिवसा, आणि ॲलर्जीच्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच.

शेंगांचा म्हाद्या तर अशा मुलांसाठीच केल्यासारखा आहे. तेलावर जिरं, बारीक कांदा, लसूण, हळद, त्यात कूट आणि थोडं पाणी, तेल सुटेपर्यंत परतायचं. आमच्यासाठी लाल तिखट घालण्याआधी तिच्यापुरता बाजूला काढते. भातात, भाकरीत कुठंही जातो. ‘मुलासाठी वेगळा स्वयंपाक’ हे ओझं त्यामुळं उरत नाही. तिखट घालण्याआधीचा एक थांबा, एवढाच नियम मी पाळते. बाजार आमटीसाठी तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद एकत्र शिजवते, तेव्हा मसाल्याआधी त्यातली पळीभर घट्ट डाळ घोटून तिच्या वाटीत जाते.

हुलग्यांचे शेंगोळे मात्र माझा सगळ्यात भरवशाचा उपाय. हुलग्यात १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन असतं आणि लोहही चांगलं असतं. पीठ मळून बोटाएवढे वळायचे आणि लसणाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचे. मूल हातात धरून चावतं. गळ्यात अडकू नये म्हणून मी तिच्यासाठी जरा बारीक वळते आणि बोटांत दाबून पिठूळ होतो ना ते पाहते. ‘हुलगे उष्ण पडतात’ म्हणून उन्हाळ्यात घरचे नको म्हणतात. मार्च ते मे मी ते कमी करते आणि मुगावर येते. घरात सगळ्यांशी सगळ्याच गोष्टींवर वाद घालायची ताकद मला प्रोटीनसाठी राखून ठेवायची असते.

मुगाचं धिरडं आम्ही आधी बेसन घालून करायचो आणि ते गार झालं की चामट व्हायचं. शेजारच्या तेलुगू अक्कांनी पेसरट्टूची रीत दाखवली. सालासकट हिरवे मूग रात्रभर भिजवून, आलं-जिरं घालून जाडसर वाटायचे, आंबवायचे नाहीत, तांदूळ मूठभरच. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. लेक कडा आधी मोडून खाते. सोलापुरात कानडी, तेलुगू, मराठी अशी तीन स्वयंपाकघरं एकाच गल्लीत आहेत आणि त्यांतला निम्म्याहून जास्त रोजचा स्वयंपाक दुधाशिवायचाच आहे, हे मला लेकीच्या ॲलर्जीमुळं पहिल्यांदा नीट दिसलं. उडदाचे आप्पे, मूगडाळीची खिचडी, पालेभाजीत शिजवलेली तूरडाळ. आपण पनीरच्या रेसिपी शोधत बसतो.

मटकी-मूग मोड आणून द्या. भिजवल्यानं आणि मोड आल्यानं लोह अडवणारं फायटेट कमी होतं, लोह चांगलं शोषलं जातं, वाराही कमी धरतो. लिंबू पिळलं तर आणखी चांगलं. चहा मात्र बशीभरसुद्धा नको, त्यानं लोह अडतं. डाळ आणि भाकरी एकमेकींची उणीव भरून काढतात. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यांतलं लायसिन ज्वारीत कमी, मेथिओनिन डाळीत कमी. एकाच घासात दोन्ही गेलं पाहिजे असं नाही, दिवसभरात गेलं की झालं.

मेतकूट भात आजारपणात, डाळवं आणि ज्वारीच्या लाह्या यांचं पीठ प्रवासात. सोयाबीनमध्ये प्रोटीन सगळ्यांत जास्त आहे, पण दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही सोसत नाही, म्हणून विचारून. सोया वड्या द्यायच्या तर भिजवून, दोन पाण्यांत पिळून, बारीक करून थालीपिठात. अंडं चालणाऱ्या घरात प्रश्न निम्मा सुटतो. पूर्ण शिजलेलं, भातात कुस्करलेलं. उजनीचे मासे बाजारात येतात, त्यांत चिलापीला बारीक काटे कमी असतात. रोहू मुलाला देऊ नका, त्यातले काटे बोटालाही लागत नाहीत. चिकन द्यायचं तर खिम्यासारखं बारीक.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. लेकीला आवडणाऱ्या नाचणीच्या खिरीत मी गुपचूप मुगाचं पीठ मिसळलं. तिला ते कळलं. मूग तर सुटलेच, खीरही महिनाभर सुटली. तेव्हापासून मिसळते ते तिच्यासमोर मिसळते आणि चमचा तिच्याच हातात देते. नवा पदार्थ एका चमच्याएवढाच, ओळखीच्या पदार्थाशेजारी, काही न बोलता ठेवायचा. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठं मुलं तोंडात घालतात. आपण तिसऱ्या वेळी हार मानतो आणि ‘हिला आवडत नाही’ असा शिक्का मारतो. काय आणि कधी वाढायचं ते मी ठरवते, किती खायचं ते ती. मोबाइल दाखवून भरवलेला घास मी बंद केला, कारण त्या घासाची तिला चवच कळत नव्हती.

बदामाच्या दुधाबद्दल

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. पांढरं दिसतं म्हणून ते दुधाची जागा घेत नाही. बदामाच्या, नारळाच्या किंवा तांदळाच्या दुधात पेल्याला एखादा ग्रॅम प्रोटीन असतं. सोया दुधात सहा-सात ग्रॅम असतं. पण घरी करायचं तर ते चांगलं उकळावं लागतं आणि त्यात कॅल्शियम वेगळं घातलेलं नसतं. दुधासारखा पेला हातात असावा ही मुलापेक्षा आपली गरज जास्त असते. लेक पाणी पिते, कधी कढण पिते.

दुधाबरोबर आणखी काय गेलं?

प्रोटीन आपल्या स्वयंपाकात भरून निघतं. कॅल्शियमकडं मात्र मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. या वयात दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, सालासकट तिळात हजाराच्या वर. म्हणून आमच्या शेंगाचटणीत आता चौथा हिस्सा भाजलेले तीळ असतात, शेवग्याचा पाला डाळीत पडतो, आणि भोगीला जी तीळ लावलेली बाजरीची भाकरी वर्षातून एकदा व्हायची ती थंडीभर होते. तरीही नुसत्या जेवणातून ५०० चा आकडा रोज गाठणं अवघड आहे. आमच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध लिहून दिलं आहे. बी १२ चं तर आणखी नीट विचारा: शाकाहारी घरात दूध हाच त्याचा मुख्य स्रोत असतो, आणि दूध गेलं की डाळ-भाकरी कितीही दिली तरी ते भरून निघत नाही.

कधी वाट बघायची नाही

ओठ-जीभ सुजणं, घरघर, श्वासाला त्रास, एकाएकी मूल गळून जाणं: त्याच क्षणी दवाखाना. शीमध्ये रक्त, वारंवार उलट्या, दोन-तीन महिने वजन एका जागी, फिकटपणा, माती खाणं: त्याच आठवड्यात डॉक्टर. वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा आणि तक्त्यावर टिंब मांडा. मी टिंबं बघायला लागल्यापासून एखाद्या दिवशीच्या उपाशी ताटलीला घाबरत नाही.

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी शाळेच्या वयापर्यंत ओसरते. ती ओसरली का, हे बघायची रीत ठरलेली असते. आधी पिठात मिसळून खूप वेळ भाजलेलं दूध, मग हळूहळू पुढची पायरी, आणि सुरुवात कधी करायची ते डॉक्टरच सांगतात. आमची तारीख संक्रांतीनंतरची आहे. तोवर संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तिच्यासाठी घरून शेंगापोळी न्यायची, बिनतुपाची. सासूबाईंनी त्यासाठीचे शेंगदाणे आत्ताच निवडून डब्यात भरून ठेवले आहेत आणि डब्यावर तिचं नाव लिहिलं आहे.